थोरल्याविरुद्धचा डाव

तरुणपणी धाकटा भाऊ बुद्धिबळ खेळायचा तो आगीशी खेळल्यासारखा. घोडा दे, हत्ती दे, वेळ पडली तर वजीरही दे, पण समोरच्या राजाला पळता भुई थोडी करून सोड. त्याचा डाव असला की क्लबातली बाकीची टेबलं ओस पडायची. थोरल्याच्या डोळ्यांत तेच खुपलं. राष्ट्रीय संघात दोघां भावांत मिळून एकच जागा उरली होती, तेव्हा तो निवड समितीला म्हणाला, "माझाच भाऊ आहे, सांगायला जीभ रेटत नाही. पण तो डाव विकतो."

सख्खा भाऊच सांगतोय म्हटल्यावर चौकशी कोण करणार? धाकट्यावर बंदी आली, जागा थोरल्याला मिळाली.

धाकटा पुस्तकबांधणीच्या कारखान्यात लागला. शिकंज्यात पुस्तकांची चळत ठेवायची आणि स्क्रू सावकाश पिळत न्यायचा. घाई केली की पानं सरकतात. हाताची ती सवय घरच्या पटावरही उतरली. आता तो काहीच द्यायचा नाही. समोरच्याची एकेक वाट बंद करत जायचा. बंदी उठून तो परतला, तेव्हा त्याच्याशी हरलेले म्हणायचे, "मारत नाही हो, नुसता आवळत नेतो." लोकांनी त्याचं नावच पाडलं, शिकंजा.

राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम डावात समोर थोरला आला. निघताना बायको म्हणाली, "जिंका आणि घरी या. छळू नका त्यांना."

तो बुटाची नाडी बांधत राहिला.

दुपारपर्यंत थोरल्याची जेमतेम दोन प्यादी गेली होती, पण हलायला जागा नव्हती. डाव तिथेच संपवता आला असता. धाकट्याने आपला राजा उगाच एक घर सरकवला, पुढच्या खेळीत परत आणला.

"बरोबरी घेतोस?" थोरल्याने हळूच विचारलं.

"खेळ, दादा."

"काहीही हलवलं तरी मेलोच मी."

"दिसतंय मला. चाल तुझी आहे."

पंचाने दोघांना गप्प केलं. थोरला पुढे झुकला. "तुला हवंय तरी काय?"

"समितीला काय खोटं सांगितलंस, ते इथे मोठ्याने सांग."

थोरल्याने खुर्ची मागे सारली. तो उभा राहिला. "याने कधीच डाव विकला नव्हता," तो म्हणाला. "मी खोटं सांगितलं होतं." त्याने आपला राजा आडवा केला आणि हात पुढे केला.

धाकट्याने तो हातात घेतला नाही.

एवढ्यावर भागलं नाही. थोरला ज्या स्पर्धेत नाव द्यायचा, तिथे धाकटाही जायचा आणि त्याला असाच पिळून काढायचा. शेवटी थोरल्याने खेळच सोडला.

एकदा बाजारात वहिनी भेटली. "ते आता पटाला हातसुद्धा लावत नाहीत, भाऊजी. झाला का जीव थंड?"

"झाला, वहिनी," तो म्हणाला. आणि खरंच झाला होता.