अनुदानाची निळी गाडी

मी एक जुनी गाडी आहे, मित्रांनो. रंग निळा, पायरी बुटकी आणि डाव्या दाराला सुतळी. सुतळीकडे बघून हसू नका. ती मी कमावलेली आहे.

तुम्हाला वाटेल, गाडीचा जन्म कारखान्यात होतो. माझे पत्रे तिथेच ठोकले, हे खरं. पण जन्म म्हणाल तर माझा विधानसभेत झाला. नफा न कमावता लोकांसाठी काम करणाऱ्या संस्थांना सरकारने अनुदान आणि कर्ज द्यावं, असा एक कायदा तिथे आला. एका बाजूने बाकं बडवली, दुसरी बाजू उठून बाहेर गेली आणि चहा पिऊन परत आल्यावर सगळ्यांनी मिळून तो मंजूर केला.

त्या कायद्यामुळे मी एका छोट्या संस्थेत आले. एकट्या पडलेल्या म्हाताऱ्या माणसांना दिवसभर सोबत मिळावी म्हणून ही संस्था एक मोठी खोली चालवते. माझे अर्धे पैसे अनुदानातून आले, अर्धे कर्जातून. ज्यांचे गुडघे धरले आहेत त्यांना घरून आणायचं, परत पोचवायचं, कुणाला कुणाकडे जायचं असेल तर न्यायचं, हे माझं काम. पायरी बुटकी ठेवली ती त्यांच्याचसाठी.

संस्थेच्या चिटणीसबाई फार जबाबदार. त्यांनी कायदा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि तिथेच माझं नशीब फिरलं. त्यात एक कलम होतं: गाडी सुस्थितीत ठेवली नाही, तर अनुदानाचंही कर्ज होईल आणि तेही फेडावं लागेल.

"म्हणजे एक ओरखडा उठला की संस्थेला कुलूप," बाई म्हणाल्या. त्यांनी सीटवरचं प्लास्टिक काढू दिलं नाही. वर मला खोळ शिवून घेतली आणि शेडमध्ये उभं केलं.

खोळ शिवली कुणी, तर त्यांच्याच सासूबाईंनी. त्यांना सगळे शिलाईवाल्या आजी म्हणतात. मशीन चालवून चालवून त्यांचे गुडघे गेले होते. संस्थेत येताना त्या वाटेत कुणाच्या ना कुणाच्या दारात टेकायच्या. त्यांची थोरली बहीण नदीपलीकडे राहायची. बसची पायरी आजींना चढवत नसे, म्हणून दोघींची भेट नाही.

"अगं, मला एकदा ताईकडे ने ना," आजी सुनेला म्हणायच्या.

"आई, गाडी अनुदानाची आहे."

"मग मी काय कर्जाची आहे?"

सून हसायची, पण किल्ली द्यायची नाही. अशी तीन वर्षं गेली. येणारे-जाणारे खोळ उचलून म्हणायचे, "काय ठेवलीय हो गाडी, अगदी नवीकोरी." कौतुक मला आवडायचं, खोटं कशाला सांगू? पण आजी लंगडत शेडवरून गेल्या की माझं तोंड खोळीतच बरं वाटायचं.

मग एका शुक्रवारी दुसऱ्या एका संस्थेतून फोन आला. कायद्यात दुरुस्ती झाली होती. गाडी वापरात नसेल, तर सरकार ती परत घेणार. तपासणीसाहेब येतात, मीटर बघतात आणि गाडी घेऊन जातात. आमच्याकडे ते सोमवारी येणार होते.

बाईंनी शेडमध्ये येऊन माझी खोळ ओढून काढली. "काका, फिरवा हिला," त्या ड्रायव्हरकाकांना म्हणाल्या.

"कुठे?"

"कुठेही. मीटर पळालं पाहिजे."

काकांनी मला संस्थेभोवती गोल गोल फिरवायला घेतलं. रिकामीच. दूधवाल्याने शेवटी विचारलं, "रस्ता चुकलात का?" पुढच्या फेरीला शिलाईवाल्या आजी रस्त्याच्या मधोमध काठी आडवी धरून उभ्या.

"रिकामी भटकवतोस, त्यापेक्षा मला घे. नदीपलीकडे चल."

बाईंनी मनात किलोमीटर मोजले. "न्या," त्या म्हणाल्या. "पण प्लास्टिक..." तोवर आजींनी पिशवीतून कात्री काढून प्लास्टिक उभं कापलंही होतं.

थोरली बहीण दारात भाजी निवडत बसली होती. तिने आधी धाकटीला बघितलं, मग मला. दोघी एकमेकींचे हात धरून उंबऱ्यावर बसल्या.

"इतके दिवस गाडी बिघडली होती का गं?" थोरलीने विचारलं.

"नाही गं, चांगली होती. म्हणून तर आले नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शनिवार-रविवार मला दम खायला फुरसत नव्हती. कुणाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं होतं, कुणाला आपल्या जुन्या कारखान्याचं फाटक बघायचं होतं. एका निवृत्त पोस्टमनला कुठेच जायचं नव्हतं, फक्त खिडकीशी बसायचं होतं. सीटवर चहा सांडला. एकाची कवळी हरवली आणि दुसऱ्याच्या खिशात निघाली. उतरायच्या घाईत दाराची कडी तुटली, तेव्हा काकांनी सुतळी बांधली.

सोमवारी साहेब आले. सुतळी दिसू नये म्हणून बाई दारापुढे जाऊन उभ्या राहिल्या, कारण सुस्थितीचं कलम अजून तसंच होतं. साहेब आत डोकावले. आत सगळे बसून तयार होते, पुन्हा नदीपलीकडे जायचं ठरलं होतं.

"तपासणी आहे, जरा खाली उतरता का?"

"एकदा चढलं की लवकर उतरवत नाही बाबा," आजी म्हणाल्या. "तूच पुढे बस. आलो की तपास."

साहेब बसले. त्यांच्या मांडीवर कुणीतरी पिशवी ठेवली. परत आल्यावर त्यांनी मीटर बघितलं, सुतळी बघितली आणि अहवालात लिहिलं: "गाडी वापरात आहे. आतून तपासायला जागा मिळाली नाही. दाराला कडी बसवावी."

कडी बाईंनी त्याच दिवशी आणली. अजून नवीकोरी आहे. कपाटात जपून ठेवली आहे.

मित्रांनो, त्यानंतर नदीपलीकडचा एकही सोमवार चुकला नाही. पण थोरली बहीण पुढे दोनच वर्षं होती. मी शेडमध्ये चकचकीत उभी होते, ते सोमवार काही त्या दोघींना परत मिळाले नाहीत. म्हणून सांगते, माझं तेलपाणी करा, चाकांत हवा भरा. वस्तू जपावीच. पण ती कुणासाठी आणली होती ते आठवा आणि ते माणूस दारात उभं असेल तर आधी त्याला आत घ्या. ओरखड्याचं नंतर बघू.