बंद घराच्या उजवीकडचं घर

गावाची तब्येत ठणठणीत होती. निदान पाहणी करणाऱ्या संस्थेच्या कागदावर तरी होती. राज्यातले उद्योग आणि लोकांचं आरोग्य यांची पाहणी चोवीस गावांत झाली, त्यात पांढऱ्या विटांच्या कारखान्याचं हे गाव पहिलं आलं. जिथे दगडाची पूड माणसांच्या पापण्यांवर बसते, तिथे दोनशे चाळीस घरांत खोकणारी माणसं सापडली चार. संचालकबाईंनी आकडा दोनदा वाचला आणि तपासनिसाला सांगितलं, नमुन्याला तीन घरं पुन्हा विचारून या, फरक नसेल तर सही करा. अहवाल शुक्रवारी सरकारकडे जायचा होता. त्यात एक शिफारस आधीच लिहून तयार होती : खोकणारेच नाहीत, तर जवळच्या शहरातल्या सरकारी दवाखान्यातला छातीच्या आजारांचा विभाग चालवायचा कशाला?

तपासनिसाला हे काम नको होतं. त्याच गावात त्याची थोरली बहीण राहायची, आणि भावोजी त्याच कारखान्यात भट्टीपुढे कामाला होते. पण नाही म्हणायला कारण लागतं. ताई हल्ली फोन लवकर ठेवते, हे काही कारण नव्हे.

बुधवारी सकाळी तो कारखान्याच्या वसाहतीत उतरला. एका रांगेत सतरा घरं, सगळ्यांना एकाच हिरव्या रंगाची दारं. त्याने यादी काढली. चार नंबरला कुलूप होतं, पितळेचं, त्यावर कारखान्याचा शिक्का. पाहणी करणाऱ्या मुलीने लिहिलं होतं : चार बंद, पाच घेतलं. पाच नंबरात जुनं काही नव्हतं, सगळंच नवं होतं. नवी बायको, नवा नवरा, भिंतीला नवा चुना. येऊन तीन महिने झाले म्हणाले. नऊ बंद, म्हणून दहा. दहावालाही नवाच, दंडाने पैलवान. पंधरालाही कुलूप.

घर बंद असेल तर उजवीकडचं घर घ्यावं, हा नियम त्याचाच होता. बारा वर्षांपूर्वी त्यानेच तो पुस्तिकेत घातला, पोरींनी बंद दारापुढे ताटकळत बसू नये म्हणून. तेव्हा सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली होती.

पंधराच्या उजवीकडे सोळा. सोळात ताई राहत होती. ताईच्या कागदावर लिहिलं होतं : घरात आजारी कोणी नाही.

भावोजी भर कामाच्या दिवशी घरी होते. त्याला बघून ते खुर्चीतून अर्धेच उठले.

"या मेहुणे. कागद घेऊन आलात म्हणजे आज पाहुणचार नाही, चौकशी आहे."

भावोजी खंगले होते, पण तोंड शाबूत होतं. पगारी साहेब घरी आला म्हणजे चहात साखर जास्त घाल, असं त्यांनी बायकोला बजावलं. मग बोलता बोलता थांबले. ताई उठली आणि मोरीतला नळ पुरता सोडला. भावोजी आत गेले. पाण्याच्या आवाजाखाली दुसरा एक आवाज येत राहिला, बराच वेळ. मग नळ बंद झाला आणि ते तोंड पुसत बाहेर आले.

 तपासनिसाने विचारलं, हे कधीपासून? ताई म्हणाली, दीड वर्ष. मग त्याने बंद घरांचं विचारलं. तिने लग्नाला आलेल्या माणसांची नावं सांगावीत तसं सांगितलं. चारवाला भावाकडे गेला, तिकडेच वारला. नऊवाल्याला सासुरवाडीने ठेवून घेतलंय, उठवत नाही त्याला. पंधरावाली गेल्या महिन्यात नवऱ्याला हातगाडीवर निजवून घेऊन गेली. खोकला कळला की कारखान्याकडून महिन्याची मुदत मिळते, मग घर सोडायचं. कुलूप लागतं, चुना मारतात, नवा माणूस येतो.

आता त्याला सगळं दिसलं. आजारी माणूस या वसाहतीत राहूच शकत नव्हता. उजवीकडचं घर म्हणजे अजून न पकडलेलं घर. बारा वर्षं तो बंद दारं ओलांडून निरोगी माणसं मोजत आला होता.

भावोजी दर मंगळवारी शहरातल्या त्याच दवाखान्यात, छातीच्या विभागात जायचे, दुसऱ्याच नावाने. तिथे सुई आणि वाफ मिळायची. त्या एका मंगळवारावर बाकीचे सहा दिवस निघत.

"तू भाऊ म्हणून आलायस की तपासायला?" ताईने विचारलं.

 तो उत्तर देण्याआधीच दार वाजलं. वसाहतीचे बाबू होते, घरांच्या किल्ल्या ज्यांच्याकडे असतात ते. फार सभ्य माणूस. चपला बाहेर काढून आत आले, ताईकडे चहा मागितला. साहेब बंद घरांची चौकशी करत होते असं कानावर आलं, म्हणाले, म्हटलं आपण काही मदत करावी. मग ते भावोजींकडे वळले. उद्या आठ वाजता कारखान्याच्या डॉक्टरांकडे येऊन जा, नळीत फुंकर मारायची, बाकी काही नाही.

ताई चहा टाकायला उठली ती ओट्यापाशीच थांबली.

"अर्थात," बाबू म्हणाले, "घरात कोणी आजारी नाही असं साहेबांनीच पुन्हा तपासून लिहिलं असेल, तर आम्ही कशाला त्रास द्यायचा? सरकारी कागदावर आमचा विश्वास आहे."

भावोजींनी श्वास धरला होता. ओठ मिटलेले, गळ्याच्या शिरा दोरीसारख्या. ताईने नळ सोडला, पण बाबूंसमोर आत उठून जाणं म्हणजे कबुलीच होती. भावोजी बसून राहिले. त्यांचा चेहरा लाल झाला, मग काळपट. बाबू कागदाकडे पाहत होते. घाई त्यांना नव्हतीच.

तपासनिसाने पेन उघडलं. सोळा नंबरपुढे लिहिलं, फरक नाही. बाबूंची नजर हलली नाही, तेव्हा त्याने पाचपुढे लिहिलं, दहापुढे लिहिलं, आणि खाली सही केली.

बाबूंनी फोनमध्ये कागदाचा फोटो घेतला. चहा शेवटच्या घोटापर्यंत प्याले, छान झालाय म्हणाले, आणि गेले. फाटकाची कडी वाजली तसे भावोजी खुर्चीतून खाली आले. ताईने त्यांना मांडीवर घेतलं, पाठ चोळत राहिली. या वेळी नळाकडे कोणी गेलं नाही.

दुपारी ती त्याला बसपर्यंत सोडायला आली. रस्त्यात एकदाही आभार मानले नाहीत, रागही केला नाही. थांब्यावर त्याच्या सदऱ्याची कॉलर सारखी करत म्हणाली,

"तू त्या लोकांत असतोस म्हणून विचारते. दवाखान्यातला छातीचा विभाग बंद होणार अशी बोलवा आहे. तसं काही नाही ना?"

सही केलेला कागद त्याच्या पिशवीत होता. बस वळणावर आली. आता खरं सांगितलं, तर ती काय म्हणेल, हे त्याला माहीत होतं. कागद फाड म्हणेल. किंवा म्हणणार नाही, आणि घरी जाऊन भांडी बांधायला घेईल.

"नाही," तो म्हणाला. "विभाग राहील."

"मग मला काही चिंता नाही," ताई म्हणाली, आणि बस हलेपर्यंत त्याच्या खिडकीखाली उभी राहिली.