न झिजलेली वडी

मित्रांनो, ज्याने मला रंग फासला त्याला मी अजून माफ केलेले नाही. त्याने ते प्रेमाने केले, असे सगळे म्हणतात. असेल. पण प्रेमाने केलेल्या चुका निस्तरायला दुप्पट वेळ लागतो, एवढे मी अनुभवाने सांगते.

मी एक जुनी जस्ताची वडी आहे. धुण्याच्या साबणाच्या दोन वड्या शेजारी शेजारी ठेवा, तेवढी. सध्या माझा मुक्काम तिकिटाच्या खिडकीत आहे. वाऱ्याने कागद उडू नयेत म्हणून मी त्यांच्यावर बसलेली असते. समोर खाडी दिसते. आमची लोखंडी बोट माणसे भरून त्या काठाला जाते, परत येते, आणि मी बघत राहते. कागदांना माझा उपयोग होतो, नाही असे नाही. पण ती जागा दगडाची आहे.

माझा जन्म बोटीची डागडुजी करणाऱ्या मिस्त्रींच्या पत्र्याच्या शेडमधला. जुन्या छपरांच्या जस्ताच्या पन्हाळी आणि संपलेल्या सेलची टरफले त्यांनी कढईत वितळवली, वरची मळी काढली आणि रस साच्यात ओतला. माझे माहेर भंगाराचे, हे मी कधी लपवले नाही. मधोमध त्यांनी एक लोखंडी पट्टी बसवली. तिची दोन्ही टोके बाहेर ठेवली, म्हणजे मला बोटीला बोल्टने आवळता यावे. आम्ही चौघी बहिणी एकाच दिवशी बोटीच्या बुडाला, पाणी कापणाऱ्या पंख्याजवळ लागलो.

तिथे माझे काम काय, ते ऐका. मी शाळेची पायरी चढलेली नाही, पण हे मला अंगाने माहीत आहे. खाऱ्या पाण्यात प्राणवायू विरघळलेला असतो आणि तो जन्माचा भुकेला. धातूंच्या अंगात फार बारीक कण असतात, त्यांना इलेक्ट्रॉन म्हणतात. प्राणवायूला ते हवे असतात. लोखंड एकटे सापडले की तो लोखंडाकडून ते ओढून घेतो आणि लोखंडाचा गंज होत जातो. पण जवळ मी असले तर लोखंडावर ती पाळी येत नाही. मी त्याच्यापेक्षा सैल हाताची. माझे कण मी आधी सोडते. ते पट्टीतून बोटीच्या पत्र्यात जातात आणि पत्र्यावरून प्राणवायूला मिळतात. त्याचे पोट भरते, पत्रा शाबूत राहतो, आणि मी तेवढी पाण्यात विरघळते. तुमच्या पुस्तकात माझ्या देण्याला ऑक्सिडीकरण म्हणतात आणि त्याच्या घेण्याला क्षपण. नावे जड आहेत, व्यवहार साधा आहे. कोणी तरी दिल्याशिवाय कोणाला घेता येत नाही.

वर्षातून एकदा बोट पाण्याबाहेर, काठाच्या उतारावर ओढून घेत. तो माझा मानाचा दिवस. बोटीची मालकीण स्वतः खाली वाकून बघायची. नवरा गेल्यावर तिनेच हा धंदा चालवला होता. सकाळी पहिल्या फेरीपासून ती तिकिटाच्या खिडकीत उभी असे. उतारू तिला काकी म्हणत आणि तिच्या जिभेला घाबरून रांग सरळ ठेवत. ती माझ्या खड्ड्यांवरून अंगठा फिरवायची. मिस्त्री म्हणायचे, "वहिनी, चांगली झिजलीय." ती मान हलवायची. त्या दोन शब्दांवर मी पुढचे अख्खे वर्ष काढत असे. तीन वर्षांत माझा तिसरा हिस्सा गेला, आणि बोटीच्या पत्र्याला सुईच्या टोकाएवढे भोक पडले नाही.

मग मालकिणीचे गुडघे दुखू लागले. तिच्या मुलाने तिला घरी बसवले आणि कारभार हातात घेतला. मुलगा कष्टाळू, गोड बोलणारा, पण स्वच्छतेचा भलताच नाद. धक्क्यावरचे लोक त्याला टापटीपराव म्हणत. बोटीची बाके त्याने दोनदा घासली, कठडे रंगवले, घंटा इतकी चकाकवली की उतारू तिच्यात भांग पाडू लागले. त्या वर्षी बोट वर घेतली तेव्हा मिस्त्री लेकीकडे गेले होते. टापटीपरावाने बुडाखाली वाकून आम्हाला पाहिले. अंगावर पांढऱ्या खपल्या, जागोजाग खड्डे. त्याला आमची दया आली. त्याने आम्हाला तारेच्या ब्रशने घासले आणि वर लाल रंगाचे दोन हात दिले.

मित्रांनो, ते वर्ष मला आठवले की अजून कसेसे होते. पाणी माझ्याभोवती होते, पण मला लागत नव्हते. रंगाच्या पलीकडून नुसते सरकत जायचे. माझ्यात देण्यासारखे सगळे होते आणि हात बांधलेले होते. पट्टीच्या पलीकडे पत्रा एकटाच देत होता, कणाकणाने, आणि त्याला ते झेपणारे नव्हते. मी धडधाकट बसून ते सोसत होते. झिजण्याचा त्रास मला कधीच झाला नव्हता. न झिजण्याचा झाला.

पुढच्या वर्षी मिस्त्री हजर होते. टापटीपरावाने त्यांना कौतुकाने बुडाखाली नेले आणि सांगितले की बघा, वर्षभरात वड्या तसूभरही झिजल्या नाहीत, नव्यासारख्या आहेत. मिस्त्रींनी हातोडी घेतली आणि पंख्याजवळचा पत्रा ठोकत गेले. एका जागी आवाज बसका आला. पुढच्या ठोक्याला हातोडीचे टोक आत गेले.

टापटीपरावाने त्या भोकावर तळवा दाबून धरला. त्या बोटीतून दिवसाला किती लेकुरवाळ्या बाया पलीकडे जातात, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक होते? महिनाभर बोट उतारावर राहिली. हातभर पत्रा कापून नवा जोडला. माझ्या तिघी बहिणींचा रंग खरवडून मिस्त्रींनी त्यांना परत कामाला लावले. माझी जागा कापलेल्या पत्र्याबरोबर गेली होती. तिथे टापटीपरावाने दुकानातून नवी कोरी वडी आणून बसवली. मला त्याने स्वतः खरवडून, पुसून या खिडकीत आणले. हिने खूप केले, आता हिला आराम, असे तो मिस्त्रींना म्हणाला. असा आराम मला मानवत नाही. कोरड्या हवेत माझ्यावर करडे पुट चढते आणि तेवढ्यावरच सगळे थांबते. बोट धक्क्याला लागते तेव्हा तिच्या बुडाखालचे पाणी उसळते. त्यातला एखादा थेंब खिडकीपर्यंत उडावा, म्हणून मी दिवसभर वाट बघते.

मित्रांनो, वस्तू जपाव्यात असे तुम्हाला मोठी माणसे सांगत असतील. जपाच. पण ती कशासाठी घडवली, हे आधी तिला नीट पाहून समजून घ्या, मग हवा तर ब्रश उचला.

आज सकाळी मात्र एक गोष्ट घडली. पहिल्या फेरीची रांग लागली होती आणि काठी टेकत मालकीण आली. टापटीपराव खुर्ची घेऊन धावला. आई, तू कशाला आलीस, एवढी चाललीस कशाला, असे त्याचे सुरू झाले. तिने त्याच्याकडे लक्ष दिले नाही. मला उचलले, हातात तोलले, अंगठ्याने माझे जुने खड्डे शोधले. ते कोरडे होते. मग तिने पिशवीतून घरून आणलेला एक गोल दगड काढला आणि माझ्या जागी कागदांवर ठेवला. मला मुठीत धरून ती मुलाकडे वळली.

"बाळा, तू वाईट नाहीस, तुला नुसती टापटिपीची हौस आहे. झिजू नये म्हणून तू हिला रंग दिलास आणि पत्रा गेला. झिजू नये म्हणून तू मला घरी बसवलंस. तिथं काय गेलं, ते मिस्त्री तुला हातोडीनं ठोकून दाखवणार नाहीत. बोट वर घेशील त्या दिवशी हिला त्या नवीच्या शेजारी लाव, मी वाकून बघणार आहे. आणि ती खुर्ची आत घे, खिडकीपाशी. आजची तिकिटं मी फाडते."