थेंबातली तालीम

मी एक जुनी लेन्स आहे, आणि कॅमेऱ्यावर मला आता उलटी बसवतात. मित्रांनो, हसायचे असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढे मी हसू देणार नाही.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यातला. काचा घासून गुळगुळीत केल्या, एकामागे एक बसवल्या आणि भोवती धातूचे जड अंग दिले. कोल्हापुरात मला आणले बाळासोंनी. पेठेत त्यांचा फोटो स्टुडिओ आहे. पेठ वडगावपासून मलकापूरपर्यंत लग्नाचे किती मांडव मी पाहिले, त्याची गणतीच नाही. नवरदेवाच्या फेट्याचा तुरा आणि नवरीचा हिरवा चुडा मी असा टिपायची, की अल्बम उघडताच बाया म्हणायच्या, “फोटू कसा झ्याक आलाय!” मला अगदी भरून यायचे.

मग नवे कॅमेरे आले. त्यांच्या लेन्सा स्वतःच नजर जुळवतात. मी पडले हाताने फिरवायची. बाळासोंनी मला कपाटाच्या खालच्या खणात तुटक्या फ्रेमांशेजारी ठेवून दिले. आमच्याकडच्या पावसात कोपऱ्यातल्या चपलांनाही बुरा चढतो. माझ्या काचेच्या कडेला बुरशीची जाळी धरली. त्या वर्षांबद्दल मी जास्त बोलणार नाही. फार वाईट वाटले, एवढे पुरे.

मला बाहेर काढले ते स्नेहलने. ती बाळासोंची थोरली मुलगी. तिने मला पुसले, उन्हात ठेवले आणि जोडणीचे एक साधे गोल कडे लावून कॅमेऱ्यावर उलटी बसवली. बाळासो चहाचा कप तसाच धरून बघत राहिले.

“अगं, तोंड आत आन् बूड भाईर? असली लेन्स कुणी बसवतं व्हय?”

“बसवत्यात, पप्पा. अशी बसवली की बारकं मोठ्ठं दिसतंय.”

खरे सांगते, अपमान मलाही वाटला होता. पण पाऊस उघडल्यावर स्नेहलने मला मोरीमागच्या अळवापाशी नेले, आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. पानावर एक थेंब बसला होता. पान त्याच्याने भिजत नव्हते आणि थेंब पानाला सोडत नव्हता. त्याच्या पोटात आभाळ होते, विजेची तार होती, शेजारच्या आक्कांची वाळत घातलेली साडी होती. एवढी वर्षे मी माणसांच्या मांडवात फिरले, पण एवढा मोठा मांडव कधी पाहिला नव्हता.

हे काम सोपे नाही, मित्रांनो. स्नेहल पोते अंथरून चिखलात पालथी पडते. वारा थांबायची वाट बघते. श्वास धरते. थेंबाच्या इतकी जवळ जाते, की जरा धक्का लागला तर तो पडलाच. बाळासोंनी एकदा पाण्याची फवाऱ्याची बाटली पुढे केली. लग्नाच्या अल्बमातल्या गुलाबांवर ते असेच थेंब मारतात. स्नेहल म्हणाली, “नगं. पावसानं ठेवलाय तसाच घेणार.” तेव्हा मला तिचा फार अभिमान वाटला.

आमच्या गल्लीच्या टोकाला चिंचेची तालीम आहे. लाल मातीचा हौदा, कौलारू छप्पर आणि दारावर नावाची पाटी. तालमीच्या कुंपणाला गवत माजलेले असते. एका सकाळी पाऊस थांबला, तेव्हा वाकलेल्या एका पात्याच्या टोकाला थेंब लोंबत होता आणि त्याच्यात अख्खी तालीम मावली होती. कौले खाली, पायऱ्या वर, कारण थेंबातून पलीकडचे सगळे उलटेच दिसते. आम्ही तो टिपला. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात चांगले चित्र आहे, आणि हे सांगताना मी मुळीच लाजत नाही.

तालमीच्या मंडळाला तो फोटो गणपतीत चौकातल्या मोठ्या डिजिटल फलकासाठी हवा होता. खाली स्नेहलचे नाव येणार होते. लोकांसमोर लागणारे तिचे हे पहिलेच काम. त्या दिवशी ती जेवलीसुद्धा नाही, इतकी हरखली होती. पण मंडळाचा अध्यक्ष राजवीर फलकाचा नमुना घेऊन आला, आणि तिचा चेहरा उतरला. फोटो त्याने फिरवून घेतला होता. तालीम सुलटी उभी होती, पण पाते खालून वर निघाले होते आणि थेंब त्याच्या टोकावर चढून बसला होता.

“राजवीरदादा, ह्ये काय केलंसा?”

“आगं, तालीम उताणी दिसत हुती. पाठ मातीला लागली म्हंजी चीत झाली की! पलीकडच्या पेठंतली पोरं वर्षभर हसतील आमास्नी.”

“आन् ह्यो थेंब? पाऊस काय खालनं वर पडतोय व्हय?”

“थेंबाकडं कोण बघतंय?”

हे मला ऐकवले नाही. थेंबाकडे कोण बघतंय? मी बघते! बाळासो हळूच म्हणाले, “जाऊ दे की पोरी, मंडळाशी कशाला वाकडं घ्यायचं?” स्नेहलचे डोळे भरले, पण होकाराला मान हलली नाही.

“तसाच लावायचा तर लावा, न्हायतर माझं नाव काढा आन् फोटू बी. फिरवलेला मी देणार न्हाय.”

मग तिने मला कॅमेऱ्यावरून सोडवले आणि तालमीकडे निघाली. राजवीर मागोमाग आला. नुकताच पाऊस उघडला होता. पृथ्वीराज हा तालमीचा नावाजलेला मल्ल. त्याची पाठ आजवर कुणी मातीला लावलेली नाही. तो लंगोट लावून पायरीवर उभा होता. स्नेहलने मला राजवीरच्या हातात दिले आणि कुंपणाच्या गवताकडे बोट केले.

“गुडघं टेका. ही डोळ्याला लावा आन् थेंबात बघा.”

राजवीर पांढऱ्या पँटीकडे बघत खाली बसला. एक थेंब पाहिला. मग शेजारचा. मग पुढे सरकून आणखी एक.

“समद्यात उलटीच हाय की गं!” तो ओरडला. “आरं पृथ्वीराज, हात वर कर! आयला, ह्यो बी उलटा!”

“मग? चीत झाला काय पृथ्वीराज?” स्नेहलने विचारले.

पायरीवरून पृथ्वीराज गरजला, “कोण म्हणतंय रं?”

राजवीरने माझ्यातून पुन्हा एकदा पाहिले. उठला तेव्हा पँटीवर चिखलाचे दोन गोल होते. “तसाच लावू,” तो म्हणाला. “हसणाऱ्याचं मी बघतो.”

फलक लागला आणि हसणारे आले. पलीकडच्या पेठेतली पोरे चौकात उभी राहून टाळ्या देऊ लागली, “तालीम चीत झाली रं!” राजवीर बाह्या सारणार असे मला वाटले. पण तो शांतपणे म्हणाला, “सकाळी पाऊस उघडला की या, पावणं. दावतो.” आणि ती खरेच आली. स्नेहलने मला त्यांच्या हाती दिले. एकेक गडी आमच्या तालमीसमोर चिखलात गुडघे टेकून बसला, आणि उठताना एकही हसत नव्हता.

मित्रांनो, जुन्या लेन्सा कोरड्या जागी ठेवा, काच मऊ कापडाने पुसा, अधूनमधून ऊन दाखवा. एवढी काळजी घेतलीत तरी आम्ही पुष्कळ वर्षे साथ देऊ. पण आम्ही दाखवलेले तुम्हाला सोसले नाही, म्हणून ते फिरवू नका. थेंबात तालीम उलटी आहे आणि ती उलटीच राहील. पटत नसेल तर या. गवत अजून ओले आहे.