खुर्चीचे पट्टे

श्रीपत गुरुजींनी चहाच्या पुड्यातला चांदीचा कागद पाटीवर नखाने सपाट केला आणि दाढीच्या पात्याने त्याची बारीक पट्टी कापली. चिमट्यात धरून ती विमानातल्या खुर्चीवर ठेवायला गेले, तर पट्टी निसटून खाली पडली.

"परत पडली," दारात तांदूळ निवडत बसलेली सोनाबाई म्हणाली.

विमान प्लास्टिकचं, वीतभर लांब. त्यांचा मुलगा रामजी हवाई दलात मेकॅनिक होता. मागच्या सुट्टीत त्याने सुट्या भागांचा खोका आणला होता. "मी याच जातीच्या विमानावर असतो, आबा," म्हणाला होता. खोक्यातली खुर्ची मात्र अगदी बोडकी होती. आत काय काय असतं ते गुरुजींनी त्याला खोदून खोदून विचारून घेतलं आणि घरात मिळेल त्यातून एकेक बसवायला घेतलं. केरसुणीच्या काडीचा दांडा झाला, टाचण्यांच्या डोक्यांची बटणं झाली. रेडिओच्या तारेसाठी सोनाबाईने आपला एक लांब केस उपटून दिला.

डिसेंबरात लढाई सुरू झाली आणि रामजीची पत्रं थांबली. आज सकाळी शेजारच्या रेडिओवर सांगितलं, आपलं एक विमान परतलेलं नाही.

"आपला रामजी तर खालीच असतो ना?" सोनाबाई म्हणाली. "मंग तुमची पट्टी सारखी का पडते?"

गुरुजींनी पट्टी पुन्हा उचलली. "खालीच असतो. पण उडवणाऱ्याला पट्टे तोच बांधतो. सगळं तपासून त्याने खूण केली की मग विमान निघतं."

सोनाबाईची बोटं तांदळात थांबली.

"तो काय चुकायचा नाय," ती म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "नाय ना चुकायचा?"

त्यानंतर शाळेतून आले की गुरुजी पट्टे बसवत आणि दुसऱ्या दिवशी सैल वाटले म्हणून काढून टाकत.

लढाई संपली. जानेवारी सरता सरता रामजी महाडच्या स्टँडवर उतरला. वाळला होता. जेवण झाल्यावर त्याने विमान हातात घेऊन आत डोकावून पाहिलं.

"बरोबर बसलेत?" गुरुजींनी विचारलं.

"हां आबा. असेच असतात."

"ते परत आलं नाही म्हणाले... ते तुझ्याकडचं होतं?"

रामजीने होकारार्थी मान हलवली. गुरुजींना पुढचं विचारवेना. रामजीच म्हणाला, "माझ्याकडून काय राहिलं नव्हतं, आबा. खालून तोफ लागली. बरोबरच्यांनी बघितलं."

गुरुजींनी भिंतीला पाठ टेकली.

"मी शिडी घेऊन उभा होतो," रामजी म्हणाला. "साहेबांना उतरायला. बाकीचे सगळे येऊन गेले, तरी उभाच होतो."

"मग?"

"मग दुसरं विमान आलं. त्याला लावली."

सोनाबाईने पदराला हात पुसले.

"त्या साहेबाची आय कुठं असते रे?"

"नाय ठाऊक, आये."

"इचारून घे," ती म्हणाली.