टेलरबाईंच्या पेशींतलं दावं

प्रयोगशाळेत त्यांना तोंडावर सगळे 'बाई' म्हणत आणि पाठीमागे 'पुन्हाबाई'. कुणी कितीही देखणा आलेख आणून टेबलावर ठेवला, तरी चष्मा कपाळावर सरकवून त्या एकच शब्द बोलत, "पुन्हा." हे टोपणनाव त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. म्हणूनच एका गोष्टीत त्यांनी स्वतःला 'पुन्हा' म्हणायला दोन वर्षं उशीर केला, ते त्यांच्या फार जिव्हारी लागलं.

बाई रेणवीय जीवशास्त्रज्ञ. एचआयव्ही पेशीत शिरतो तेव्हा पेशी अगदीच हातपाय गाळून बसत नाही. तिची स्वतःची काही प्रथिनं त्याला अडवायला बघतात. ती कशी अडवतात आणि विषाणू त्यांना कसा गुंगारा देतो, हे शोधण्यात बाईंची वीस वर्षं गेली होती. त्यातल्या एका प्रथिनावर त्यांचा विशेष जीव. विषाणूच्या नव्या प्रती पेशीतून बाहेर पडू लागल्या की हे प्रथिन त्यांना धरून ठेवतं. एक टोक पेशीच्या पडद्यात, दुसरं विषाणूच्या. पुस्तकात त्याचं नाव टेदरिन. पण प्रयोगशाळेतले सर्वांत जुने तंत्रज्ञ नाना यांनी पहिल्याच दिवशी, गुरं बांधायच्या दोरावरून, त्याचं 'दावं' करून टाकलं आणि तेच सगळ्यांच्या तोंडी बसलं. अर्थात एचआयव्हीही कच्च्या गुरूचा चेला नाही. हे दावं पेशीवरून काढून टाकणारं प्रथिन तो स्वतःबरोबर घेऊनच येतो.

टेलरबाईंना बाईंकडे पाठवलं ते त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी. डॉक्टर आणि बाई कॉलेजपासूनच्या मैत्रिणी. टेलरबाईंचं गल्लीच्या तोंडाशी शिवणकामाचं दुकान होतं. वय पन्नाशीला टेकलेलं, बोलणं कात्रीसारखं. अंगात सतरा वर्षं विषाणू, एकही गोळी नाही, आणि रक्तात तो शोधून सापडत नाही. फार थोड्यांचं असं होतं. नवरा मात्र निदानानंतर दोन वर्षांत गेला. त्याची औषधं सुरू झाली तेव्हा फार उशीर झाला होता.

बाईंनी त्यांचं रक्त घेतलं, पेशी वाढवल्या, त्यांत विषाणू सोडला. बाहेर पडणारा विषाणू इतरांच्या दहाव्या हिश्श्याइतकासुद्धा नव्हता. यांचं दावं विषाणूला सुटत नाही! तेव्हा एवढं मोठं स्वप्न कुणाला पडलं नसतं? एक छोटा शोधनिबंध छापून आला. पुढच्या वेळी टेलरबाई रक्त द्यायला आल्या, तेव्हा बाईंनी कागदावर चित्र काढून त्यांना सगळं समजावलं.

"म्हणजे माझं दावं भक्कम आहे?" टेलरबाईंनी विचारलं.

"तसंच दिसतंय," बाई म्हणाल्या. नंतर त्यांना आठवत राहिलं की 'दिसतंय' हा शब्द त्यांनी नक्की उच्चारला होता. पण तो ऐकला कुणी?

ही दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा माणसाच्या रक्तातल्या पेशींमधून एखादं जनुक नेमकं कापून काढणं प्रयोगशाळेला जमत नव्हतं. आता जमू लागलं, म्हणून राहिलेली कसोटी घ्यायची ठरली. टेलरबाईंच्या पेशींतून दावंच काढून टाकायचं. तेच विषाणूला धरून ठेवत असेल, तर ते गेल्यावर विषाणूचा लोंढा बाहेर यायला हवा.

सोमवारी सकाळी नाना आकड्यांचा कागद घेऊन दारात उभे राहिले. आत येईनात.

"काय झालं, नाना?"

"बाई, लोंढा नाही. उलट होता त्यापेक्षा किंचित कमीच आहे."

"नळ्यांची अदलाबदल?"

"मलाही तीच शंका. झाकण आणि नळी, दोन्हीवरचे नंबर तपासले. बरोबर आहेत."

"मग दावं निघालंच नसेल."

"निघालंय. दाव्याच्या प्रथिनाची पट्टी दिसायला हवी तिथे कोरं आहे. हे बघा."

बाईंनी बघितलं. कोरंच होतं. चष्मा कपाळावर गेला. "पुन्हा," त्या म्हणाल्या, पण आवाजात नेहमीची धार नव्हती.

पुन्हा केलं. आणखी दोनदा केलं. शेवटच्या वेळी बाईंनी नानांना बाजूला बसवून स्वतः हात घातला. इतर माणसांच्या पेशींतून दावं काढलं की ते सोडवणारं प्रथिन नसलेला विषाणूही पुस्तकात लिहिल्याबरहुकूम धो धो बाहेर येई. टेलरबाईंच्या पेशींत काढा नाहीतर ठेवा, फरक शून्य. म्हणजे रीत बरोबर, हात बरोबर, आणि बाईंचं म्हणणं तेवढं साफ चूक. टेलरबाईंच्या पेशींत विषाणूला काहीतरी थोपवत होतं, पण ते दावं नव्हतं. मग काय होतं? बाईंनी फळ्यावर सात शक्यता लिहिल्या. संध्याकाळपर्यंत चार खोडल्या, दोन परत लिहिल्या आणि शेवटी आपण कुठली का खोडली होती हेच त्यांना आठवेना.

त्याच आठवड्यात डॉक्टरांचा फोन आला.

"अगं, टेलरबाईंच्या रक्तात विषाणू दिसलाय. थोडाच आहे, पण दोन तपासण्यांत आलाय. मी म्हटलं गोळ्या सुरू करू. तर ऐकायलाच तयार नाही. म्हणते, माझ्याकडे दावं आहे, संशोधनवाल्या बाईंनी चित्र काढून दाखवलंय."

"मी बोलते त्यांच्याशी," त्या म्हणाल्या.

फोन ठेवल्यावर त्यांच्या मनात जो विचार आला, तो त्यांनी पुढे कुणालाच सांगितला नाही. गोळ्या सुरू झाल्या की टेलरबाईंच्या रक्तावरून काही ठरवता येणार नव्हतं. विषाणूला शरीर थोपवतंय की औषध, हे कोण सांगणार? लाखातलं एक उदाहरण हातचं जाणार होतं. महिनाभर थांबल्या तर? एवढासा तर विषाणू. बाई खुर्चीतून उठल्या, बेसिनवर जाऊन तोंड धुतलं आणि स्वतःचीच शरम वाटून पर्स उचलून बाहेर पडल्या.

दुकानात दोन मशीनं. एकावर टेलरबाई, दाराजवळच्या स्टुलावर काज-बटणं करत त्यांची नणंद. बाई दिसताच टेलरबाईंनी पायडलवरचा पाय काढला.

"या, या! वन्सं, याच त्या. दाव्याच्या बाई."

नणंद उठून उभी राहिली आणि तिने बाईंचा हात दोन्ही हातांत धरला. "तुमचे फार उपकार आहेत हो आमच्यावर."

बाईंना काही उमगेना. टेलरबाईंनीच मग, दोरा तोंडात धरून शिलाई सोडवावी तसं, एकेक सांगितलं. नवरा गेल्यावर नणंद पंधरा वर्षं त्यांच्याशी बोलत नव्हती. भाऊ खंगून गेला आणि वहिनी टुणटुणीत. म्हणजे रोग वहिनीनेच आणला, असा तिने हिशेब मांडला होता. दोन वर्षांपूर्वी टेलरबाईंनी बाईंनी काढलेलं ते चित्र तिच्या घरी नेऊन दाखवलं. वहिनी जगली ती दाव्यामुळे, हे तिला पटलं. त्या दिवसापासून ती दुकानात येऊन बसू लागली होती.

बाईंनी मनात जुळवून आणलेली सगळी वाक्यं पार विस्कटली. त्या आल्या होत्या गोळ्यांचं सांगायला. आता सांगावं तर हे घर मोडणार, न सांगावं तर टेलरबाई हातच्या जाणार. तरी त्या बोलल्या. अडखळत, मागेपुढे करत, पण सगळं बोलल्या.

"तुमचं दावं चारचौघांसारखंच आहे. मी चुकले. घाई केली मी."

टेलरबाईंनी मांडीवरचं कापड घडी करून बाजूला ठेवलं. "मग एकोणीस वर्षं मला कोणी धरून ठेवलंय?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे? तुमच्याकडे एवढाली यंत्रं आहेत!"

"यंत्रं आहेत. तरी माहीत नाही. आहे काहीतरी, एवढं खरं. पण ते काय, आणि किती दिवस पुरेल, हे मला खरंच सांगता येत नाही. त्याच्या भरवशावर राहू नका. गोळ्या घ्या."

नणंद इतका वेळ सुईत दोरा ओवत होती. दोरा ओवला जात नव्हता. "आणि माझ्या भावात काय कमी होतं?" तिने विचारलं.

"काही कमी नव्हतं. बहुतेकांचं तसंच होतं. वेळेवर औषध मिळालं असतं तर तेही राहिले असते."

"मग कोणाकडून कोणाला गेलं, ते?"

खरं सांगायचं तर ते चित्राने तेव्हाही ठरत नव्हतं. "ते मी काढलेल्या चित्रावरून कळत नाही," बाई हळूच म्हणाल्या. "कधीच कळत नव्हतं."

नणंदेने सुई उशीला टोचली, पिशवी घेतली आणि निघून गेली.

"झालं?" टेलरबाई म्हणाल्या. "पोटभर खरं बोलून झालं तुमचं?"

"मला वाटलं…"

"तुम्हाला काय वाटलं ते राहू द्या. त्या गोळीने चक्कर येते का, तेवढं सांगा. मशीनवर बसायचं असतं मला."

गोळ्या सुरू झाल्या. बाईंनी नियतकालिकाला पत्र लिहून आपला निष्कर्ष मागे घेतला. पत्र चार ओळींचं, पण त्याचे अकरा मसुदे झाले. 'अन्य कारणामुळे' लिहावं की 'अज्ञात कारणामुळे', यावर नानांशी त्यांचा कडाक्याचा वाद झाला. शेवटी अज्ञात ठेवलं.

सहा आठवड्यांनी टेलरबाईंचाच फोन आला. डॉक्टरांच्या तपासणीत विषाणू परत दिसेनासा झाला होता.

"मग बाई, काय समजायचं? गोळीने गेला की आपला आपण गेला?"

"सांगता येत नाही. मधेच थोडा वर येऊन आपोआप खाली जातो कधीकधी."

"म्हणजे गोळी घेतली नसती तरी चाललं असतं?"

"चाललं असतं, नाहीतर नसतंही चाललं. बंद मात्र करू नका."

पलीकडून मोठा उसासा ऐकू आला. "तुम्हाला नेमकं काय सांगता येतं हो? माझ्या शिलाईत असं चाललं असतं तर गिऱ्हाईकांनी मला उभं केलं नसतं."

बाई हसल्या, आणि लगेच आपण हसायला नको होतं असं त्यांना वाटलं. "वन्सं?" त्यांनी भीतभीत विचारलं.

"वीस दिवस फिरकली नाही. परवा आली आणि स्टुलावर बसली. पन्नास शर्टांची काजं पडून होती, ती करायला लागली."

"काय म्हणाल्या?"

"काही नाही. मीही विचारलं नाही. राग गेला का, माझ्यावर विश्वास बसला का, की घरी करमत नाही म्हणून आली, काही कळत नाही बघा. दुपारी माझी गोळीची वेळ झाली तेव्हा मात्र पाण्याचा पेला तिनेच आणून ठेवला."

बाईंनी फोन ठेवला. आपल्याला बरं वाटतंय की वाईट, हे त्यांना ठरवता येईना. नाना पेशींचा ट्रे घेऊन आत आले.

"टेलरबाईंचा होता ना? कशा आहेत?"

"बऱ्या आहेत."

"कशामुळे?"

बाईंनी त्यांच्याकडे असं काही पाहिलं की नाना ट्रे खाली ठेवून पटकन बाहेर निघून गेले.