कोळ्याच्या घरातली माती

सरोजिनीबाईंना कोळ्याची भीती वाटत नव्हती, हे आधीच सांगितलेलं बरं. नारायण पेठेतल्या मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं जीवशास्त्र शिकवलेल्या बाईला आठ पायांचं भय कसलं? त्यांच्या पोटात दुखत होतं ते कोळ्यामुळे नव्हे, विहिणीमुळे. आणि हे दुखणं असं, की सुनेला सांगता येत नाही आणि मुलाला सांगून कळत नाही.

सून म्हणजे शालू. मूळची सूसगावची. माधवने ऑफिसात लग्न जमवलं आणि ही मुलगी कोथरूडच्या फ्लॅटमध्ये आली, त्याला आता तीन वर्षं झाली होती. नातेवाइकांनी तेव्हा नाकं मुरडली. सरोजिनीबाईंनी मुरडलं नाही, आणि आपण मुरडलं नाही याचा त्यांना बारीकसा अभिमानही होता. मुलगी त्यांना पहिल्या दिवसापासून आवडली. माधव झुरळ दिसलं की खुर्चीवर चढणारा. शालू ते मिशीला धरून गॅलरीतून बाहेर सोडणारी. हिच्यासारखं एखादं आपल्या पोटी का आलं नाही, असं त्यांना बरेचदा वाटायचं.

तर या शालूने एका संध्याकाळी सांगितलं की ऑफिसातली मैत्रीण जर्मनीला निघाली आहे आणि तिचा टॅरेंटुला आपण घेणार आहोत. हाताच्या पंजाएवढा केसाळ कोळी, सरकारी नोंदणीच्या कागदासकट. हे तिने माधवच्या आधी सासूला सांगितलं. "अहो आई, मी पहिल्यांदाच पाळतेय. त्याचं घर एकदम प्रॉपर व्हायला हवं. तुमच्याशिवाय कोण सांगणार मला?"

दुसऱ्या दिवशी सरोजिनीबाईंचं वय दहा वर्षांनी उतरलं. कपाटावरची पुस्तकं खाली आली. ड्रॉइंग पेपरवर त्यांनी पेन्सिलीने आकृती काढली: काचेची पेटी, तळाला चार बोटं माती, एका कोपऱ्यात गोटे, दुसऱ्या कोपऱ्यातून वर गेलेली सुकी फांदी, पाण्याला उथळ झाकणी, वर हवेसाठी जाळी. प्रत्येक भागाला बाण आणि नाव. शालूने त्याचा फोटो काढून मैत्रिणींना पाठवला, तेव्हा बाई "कशाला उगीच" म्हणाल्या आणि नंतर त्यांनीच कुणाकुणाला आवडला ते दोनदा विचारून घेतलं. पेठेत माशांच्या टाक्या बनवणाऱ्या श्यामसुंदरकडेही त्या स्वतःच गेल्या. तो म्हणाला, फूटभर उंची पुरे होईल. बाई म्हणाल्या, तुला कोळ्यातलं किती कळतं? दीड फूट उंचीची टाकी रिक्षातून मांडीवर धरून घरी आली.

रविवारी सोजरबाई आल्या. शालूची आई. सूसची बरीचशी जमीन बिल्डरकडे गेली असली तरी घरामागचा अर्धा एकर या बाईंनी हट्टाने ठेवला होता, आणि त्यातली मेथी-वांगी पिशवीत घालून त्या न कळवता येत. न कळवता येणं हा सरोजिनीबाईंच्या लेखी मोठाच दोष होता. सोजरबाई टाकीपुढे मांडी घालून बसल्या, खालून वर बघत राहिल्या, आणि मग त्यांनी एकच गोष्ट विचारली.

"शाले, ह्यो कोळी बिळात ऱ्हाणारा का झाडाव?"

"बिळातला गं."

"मग एवढी उंच कशापायी? चढंल अन् वरनं पडंल. त्याचं प्वाट म्हंजी नुसती पाण्याची पिशवी. बांधावनं पडल्याला बघितलाय म्या. जाग्यावर फुटला."

सरोजिनीबाईंनी शांतपणे समजावलं की कोळ्याच्या पायांना सूक्ष्म केसांचे पुंजके असतात आणि त्यामुळे तो काचेवरून पडत नाही. नववीच्या वर्गाला समजावतात तसं समजावलं. सोजरबाईंनी मान डोलावली, म्हणाल्या, आसंल, तुमी शिकल्याल्या. पण शालूने मोबाइल काढला, चार ठिकाणी बघितलं आणि म्हणाली की आई बरोबर बोलतेय, बिळातल्या कोळ्याला माती ते झाकण वीतभरच अंतर ठेवतात.

'आई बरोबर बोलतेय.' सरोजिनीबाईंना कुणीतरी भर वर्गात खाली बसवल्यासारखं झालं. जास्त टोचलं ते हे, की बिळातला का झाडावरचा हा साधा प्रश्न त्यांना सुचलाच नव्हता. त्यांचे सगळे कोळी बरणीतले, फॉर्मॅलिनमध्ये बुडवलेले. ते ना बिळात राहत ना झाडावर.

नवी टाकी करून घ्यायला वेळ नव्हता, शुक्रवारी कोळी यायचा होता. मग आहे त्याच टाकीत वर वीतभर जागा सोडून माती भरायची ठरली. बुधवारी संध्याकाळी सोजरबाई दोन पोती माती घेऊन हजर. फवारा न पडलेल्या तुकड्यातली, दोन दिवस उन्हात वाळवून चाळणीने चाळलेली. मायलेकी हॉलमध्ये वर्तमानपत्रं पसरून बसल्या. थोडी माती घालायची, पाण्याचा हात फिरवायचा, मुठीने दाबायची, पुन्हा माती. कोपऱ्यात लाटण्याच्या टोकाने तिरकं भोक पाडून त्यावर मडक्याचं खापर पालथं घातलं, म्हणजे कोळ्याला पुढचं बीळ स्वतःच कोरता येईल. शालूने कोपरापर्यंत हात मातीत घातले होते आणि तिच्या तोंडून 'न्हाई गं', 'व्हय की' सुरू झालं होतं. ही भाषा या घरात ती कधी बोलली नव्हती. मधेच आईने काहीतरी म्हटलं आणि ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

सरोजिनीबाई स्वयंपाकघरात तिघींचा चहा करत होत्या. त्यांना त्या दोघींचा मत्सर वाटत होता. त्याला दुसरं सभ्य नाव त्यांनी शोधून पाहिलं आणि सापडलं नाही. आपल्या दीड फुटी टाकीत आता नुसती मातीची भिंत दिसत होती. आकृतीतली फांदी गॅलरीत उभी होती, आणि 'ही कुठे ठेवायची' असं कुणी विचारलंही नव्हतं.

शुक्रवारी कोळी आला, खापराखाली शिरला आणि दिसेनासा झाला. रोज संध्याकाळी शालू पादत्राणं काढता काढता सूसला फोन लावायची. आत गेलाय गं. बाहेर माती काढून टाकलीय, तू म्हणालीस तस्सं. मग सासूकडे वळून, आवाज मऊ करून, "आज दिसला का हो तुम्हाला?" असं विचारायची. दिवसभर घरात त्या कोळ्याजवळ कोण असतं? सरोजिनीबाई. आणि कौतुक कुणाचं? अर्धा एकर मेथीवालीचं. त्यांचा आतल्या आत तिळपापड होत होता.

बाराव्या दिवशी, अकराच्या सुमारास, दोघं ऑफिसला गेल्यावर बाईंनी टाकीवरची जाळी उचलली. मातीला कुबट वास येतोय, बुरशी धरेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. त्यांना स्वतःलाही ती फारशी पटली नाही. त्यांनी मऊ ब्रशने कोळ्याला हळूच चुचकारत प्लॅस्टिकच्या डब्यात घेतलं, आणि ते काम त्यांनी खरोखर सुरेख केलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या हाताखाली जिवंत कोळी होता. ब्रशच्या दांड्यातून त्यांना त्याचा जोर जाणवला आणि त्या क्षणभर सगळं विसरल्या. पण क्षणभरच. मग डावाने माती उपसून त्यांनी गॅलरीतल्या कुंड्यांत टाकली. चार बोटं उरली. गोटे आले, फांदी आली. आकृती समोर धरून बाईंनी सगळं जसंच्या तसं मांडलं आणि कोळ्याला आत सोडलं.

आणि तो चालला! आडोसा सापडेना म्हणून काच चढायला लागला, एकेक पाय जपून टाकत. बाई काचेला नाक लावून बघत होत्या. संध्याकाळी शालूला काय सांगायचं याची वाक्यं मनात जुळत होती: बघ, माझ्याकडे कसा बाहेर आला. कोळी वरच्या जाळीपर्यंत पोचला, उलटा होऊन तिला लटकला आणि थांबला. मग त्याने एक पाय ओढला. पाय सुटेना. नखी जाळीत अडकली होती. बाकीचे पाय एकामागून एक निसटत होते, आणि खाली, बरोबर खाली, बाईंनी हौसेने रचलेले गोटे होते.

शालूला फोन करायचा म्हणजे आपण काय केलं ते सांगायचं. सरोजिनीबाईंनी मोबाइल हातात घेतला, ठेवला, पुन्हा घेतला. कोळ्याचा आणखी एक पाय सुटला. मग त्यांनी सोजरबाईंना फोन लावला.

"विहीणबाई, माझी चूक झाली. लगेच या."

सोजरबाईंनी कारण ऐकून घेतलं आणि एकच सांगितलं, आदुगर ते धोंडं उचला, मी निघालेच. रिक्षाने यायला त्यांना पाऊण तास लागला. तेवढा वेळ बाई झाकणाची एक कड उचलून, फटीतून एका हाताने गोटे काढून, कोळ्याखाली तळवा पसरून उभ्या होत्या. खांदा भरून आला होता.

आल्या आल्या सोजरबाईंनी पलंगावरची उशी ओढली आणि फटीतून आत कोंबली. मग सरोजिनीबाईंनी कपाटातून शाळेच्या दिवसांतली विच्छेदनाची बारीक कात्री आणली. नखीजवळची जाळीची तार कापायची, आणि पाय राखायचा. दोन तारा कापल्या. तिसरी कापताच कोळी उशीवर पडला, पाय आवळून बसला, मग सावकाश एकेक पाय पसरला. आठही होते.

"हात काय थिर हाय हो तुमचा," सोजरबाई म्हणाल्या. त्यांनी बाकी काही विचारलं नाही. पदर खोचला आणि कुंड्यांतली माती परातीत काढायला घेतली. त्यांनी काही विचारलं असतं तर सरोजिनीबाईंना जरा बरं वाटलं असतं.

टाकी निम्मी भरली होती तेवढ्यात दार उघडलं. शालूची दुपारची मीटिंग घरूनच होती. हॉलभर माती, कापलेली जाळी, डब्यात कोळी.

"हे काय आहे?"

 सरोजिनीबाईंच्या आधी सोजरबाई बोलल्या. "म्या काढली माती. बुरशीवानी वाटली म्हून."

मग शालू जी सुटली! "तुला कुणी सांगितलं होतं गं? मला न विचारता हात लावलासच कसा? मेला असता म्हंजी? सारखं आपलंच खरं करायचं, तिकडं भी तसंच आन् हिकडं भी तसंच! किती वेळा सांगितलंय तुला, आं?" तिचा चेहरा लाल झाला होता, डोळ्यांत पाणी आलं होतं. सोजरबाई परातीतली ढेकळं फोडत ऐकून घेत होत्या. तोंडावर दुःख नाही की राग नाही. उलट रोजचं जेवण वाढून घेतल्यासारखी त्यांची मुद्रा निवांत होती.

सरोजिनीबाई बघत राहिल्या. तीन वर्षांत ही मुलगी त्यांच्यावर एकदाही अशी ओरडली नव्हती. भाजी खारट झाली, तिची नवी ओढणी आपल्या हातून जळली, तिच्या परीक्षेच्या दिवशी आपण पाहुणे बोलावले. प्रत्येक वेळी नुसतं हसणं. त्याचा त्यांना अभिमान वाटायचा, शेजाऱ्यांना सांगायच्या. आता त्या लाल चेहऱ्याकडे बघताना त्यांना कळलं की माती, खापर, फोन, कौतुक, यातलं काहीच आपल्याला नको होतं. हे हवं होतं. विहिणीने आपला अपराध अंगावर घेतला होता, आणि त्याबरोबर हेही घेऊन टाकलं होतं.

"शालू, आईंना बोलू नकोस," त्या म्हणाल्या. "माती मी काढली. त्यांचं काम मला बघवत नव्हतं म्हणून काढली. त्यांना तर मीच बोलावलं, तो अडकल्यावर."

बोलून झाल्यावर त्या ताठ उभ्या राहिल्या. येऊ दे, त्यांनी मनात म्हटलं. काय बोलायचं ते बोल.

शालूने डोळे पुसले, श्वास घेतला. चेहऱ्यावरची लाली बघता बघता उतरली आणि तिथे ते नेहमीचं, नीटनेटकं हसू आलं.

"असू दे, अहो आई. तुमचा हेतू चांगलाच असणार. काही हरकत नाही. तुम्ही दमला असाल, बसा ना जरा."

तिने त्यांच्यासाठी खुर्ची पुढे केली, पंखा लावला. मग ती आईकडे वळली.

"आन् तू? तू खोटं कशापायी बोललीस गं माझ्याशी?" तिचा आवाज पुन्हा चढला, आणि हेही बोलणं सोजरबाईंनाच मिळालं.